पाव, काकडी आणि आईचा हात

बसमध्ये, लोकलमध्ये ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे कमी केलेत.

आज इतिहास सांगणार आहे, पण गडकिल्ल्यांचा नाही. एआय म्हटलं की आपल्याला चॅटबॉट आठवतो आणि वाटतं, हे सगळं दोन-तीन वर्षांतलं. खरं तर छोट्या दुकानांत आणि शेतांत ते त्याच्या बरंच आधी पोचलं होतं. त्यातल्या दोन गोष्टी जपानच्या आहेत, तिसरी माझ्या घरची.

पहिली गोष्ट पावाची. जपानच्या ह्योगो प्रांतात निशिवाकी नावाचं गाव आहे. आपल्याकडे इचलकरंजी, तसं तिकडे हे. रंगवलेल्या सुताचं कापड विणणारं गाव. तिथे हिसाशी कांबे यांनी १९८२ मध्ये 'ब्रेन' नावाची छोटी कंपनी काढली. कापडाचं डिझाईन करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणं, हे त्यांचं काम.

२००७ च्या सुमाराला एक बेकरीवाले त्यांच्याकडे अडचण घेऊन आले. तिकडच्या बेकरीत गिऱ्हाईक चिमट्याने पाव उचलतं, ट्रेमध्ये ठेवतं आणि काउंटरवर आणतं. जितके जास्त प्रकार, तितका खप जास्त. त्यात पॅक केलेल्यापेक्षा उघडा, ताजा दिसणारा पाव जास्त खपतो. पण उघड्या पावाला बारकोड लावणार कुठे? नव्या पोराला शंभरेक पावांची नावं आणि दर पाठ करावे लागायचे. तोवर रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढायची.

आता माझ्यासारखा इंजिनियर म्हणेल, सोपंय, मॉडेल ट्रेन करा! पण थांबा. फोटो ओळखण्यात डीप लर्निंगने मोठी उडी मारली ती २०१२ मध्ये. ब्रेनची मंडळी त्याच्या पाच वर्षं आधी कामाला बसली होती. आकार कसा मोजायचा, कडा कशी शोधायची, डोनटच्या मधल्या भोकाचं काय करायचं, हे सगळं हाताने लिहायचं. दोन पाव एकमेकांना चिकटले की यंत्राला तो एकच मोठा पाव वाटायचा. दुपारचा उजेड वेगळा, संध्याकाळचा वेगळा. पाव तपकिरी आणि त्याची सावलीही तपकिरीच. शेवटी त्यांनी ट्रेच्या खालून उजेड सोडला आणि सावलीचा प्रश्न मिटवला. मध्येच २००८ ची मंदी आली, बाकीची कामं आटली. तरी कंपनीने पाव सोडला नाही. २०१३ मध्ये 'बेकरीस्कॅन' बाजारात आलं.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यंत्राला खात्री नसली की पडद्यावर त्या पावाभोवतीच्या रेषेचा रंग बदलतो आणि ते काउंटरवरच्या माणसाला विचारतं, "हा कोणता?" माणूस सांगतो, बिल होतं, रांग पुढे सरकते. चूक होणार हे धरूनच बनवलंय. पुढे २०१७ मध्ये क्योटोच्या एका डॉक्टरांनी टीव्हीवर हे यंत्र पाहिलं आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाखालच्या कर्करोगाच्या पेशी आठवल्या. मग त्याच तंत्रातून पेशी तपासणारं सॉफ्टवेअर तयार व्हायला लागलं. पावापासून पेशीपर्यंत!

दुसरी गोष्ट २०१६ ची. माकोतो कोइके हा वाहन उद्योगात काम केलेला इंजिनियर. तो शिझुओकामधल्या आईवडिलांच्या काकडीच्या शेतीत मदत करायला परतला होता. काकड्यांच्या नऊ प्रती लावायच्या. लांबी, जाडी, रंग, वाक, काटे, सगळं बघून. हे काम त्याची आई करायची. हंगामात दिवसाला आठ-आठ तास. त्याच वर्षी 'अल्फागो' या प्रोग्रॅमने गो या खेळातला दिग्गज ली सेडॉलला ४-१ ने हरवलं होतं. ते बघून कोइकेला वाटलं, हेच तंत्र काकडीला का नको? गूगलचं टेन्सरफ्लो तेव्हा फुकट मिळायला लागलं होतं. त्याने तीन महिने आईने निवडलेल्या काकड्यांचे फोटो काढले. सुमारे सात हजार. रास्पबेरी पायला कॅमेरा जोडला, छोटा पट्टा बसवला.

चाचणीत अचूकता ९५ टक्क्यांच्या वर गेली. प्रत्यक्ष कामात ती ७० टक्क्यांच्या आसपास आली. घरच्या काँप्युटरला झेपावेत म्हणून फोटो ८० बाय ८० पिक्सेलचे केले होते. त्यात बारीक ओरखडे आणि काटे दिसणार कसे?

हे वाचलं तेव्हा मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे, आणि आमच्याकडेही प्रतवारी आईच करते. सुपर, किंग, क्वीन, प्रिन्स. मी ठरवलं, फायनल इयर प्रोजेक्ट हाच. कॉलेजात परीक्षकांसमोर डेमो झकास झाला, मार्क मिळाले. पोराने आईचं काम वाचवलं, म्हणून मी गावात मिरवलोसुद्धा.

मग खरा तोडा आला. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी फटींतून उन्हाचे पट्टे पडतात. माझ्या मॉडेलने ते कधी बघितलेच नव्हते. उन्हाच्या पट्ट्यात तेल्याचे डाग त्याला दिसेनात. डागी फळं चांगल्या कॅरेटमध्ये गेली. आई म्हणत होती, "मी एकदा बघू का?" मी म्हटलं, "आई, राहू दे, यंत्र बघतंय." व्यापाऱ्याने एक कॅरेट उपसलं, दोन डागी फळं वर धरली आणि अख्ख्या मालाचा दर पाडला. वडील मला काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आईने उरलेल्यातलं एक फळ माझ्या हातात दिलं. दिसायला एकदम किंग. "हलकं लागतंय ना?" म्हणाली आणि कापलं. आतून काळं. कॅमेऱ्याला वजन कुठे कळतं? माझं मॉडेल आईच्या डोळ्याची नक्कल करत होतं. ती निवडत होती हाताने, आणि मी ते तिला कधी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्यापैकी कुणाचं किराणा दुकान असेल, कुणाचा मसाल्याचा घरगुती धंदा असेल. 'एआय लावा' म्हणणारा कुणी आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. नेमकं कोणतं एक काम? यंत्राला कळलं नाही तर ते कुणाला विचारणार? आणि चुकलं तर पैसे कुणाचे जाणार? निशिवाकीवाल्यांकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. माझ्याकडे नव्हतं, आणि तिसऱ्याचं उत्तर माझ्या वडिलांनी दिलं.

गेल्या हंगामात मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी ऊन अडवायला चारी बाजूंनी बंद खोका केला आणि आत स्वतःचा उजेड दिला. यंत्र फक्त डाग शोधतं, प्रत लावत नाही. शंका आली की पिवळा दिवा लागतो आणि फळ आईकडे जातं. दिवा लागो न लागो, प्रत्येक फळ शेवटी तिच्या हातातून जातंच. पण डागांसाठी डोळे ताणावे लागत नाहीत. तोड्याच्या दिवशी रात्री अकराला उठायची, ती आता नऊला उठते.

परवा मी विचारलं, "यंत्र कसं वाटतंय?" म्हणाली, "बरंय. आता विचारतं तरी."

तुमच्या घरच्या धंद्यात असं हाताला कळणारं काम कोणतं आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोवर काळजी घ्या. भेटूया!