पहारेकऱ्यांचे गाऱ्हाणे

सुरतेच्या चौकात उभा असणारा शिपाई आणि मुंबईच्या नाक्यावरचा शिपाई १ मे १९६० पूर्वी एकाच राज्याचे सेवक होते. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा दोघांनाही लागू होता. राज्य विभागले, तरी तो कायदा दोन्हीकडे कायम राहिला.

संघ स्थापण्याचा हक्क संविधानाने नागरिकांस दिला. परंतु सुव्यवस्था राखणाऱ्या दलांपुरता तो मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेस दिला. तदनुसार १९६६ च्या कायद्याने सरकारी संमतीवाचून पोलिसास कामगार संघटनेचे सभासदत्व वर्ज्य ठरविले. दिलेली संमती परतही घेता येते, हे १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईने पाहिले. पोलीस संघटनेची मान्यता गेली, पुढाऱ्यांस अटक झाली, शिपाई रस्त्यावर उतरले आणि अखेर लष्कर बोलवावे लागले.

इंग्लंडने १९१९ साली पोलिसांचा संप निषिद्ध केला. त्याच वेळी गाऱ्हाणी मांडण्यासाठी कायद्यानेच त्यांना प्रातिनिधिक महासंघ दिला. येथे तसे द्वार उघडले नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये गुजरातेत ग्रेड पेचा प्रश्न पेटला, तेव्हा शिपायांच्या पत्नी व मुले पुढे सरसावली. शिस्तीचे बंधन शिपायास होते. त्याच्या घरास नव्हते. १४ ऑगस्ट २०२२ रोजी राज्य सरकारने पोलिसांसाठी ५५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली.

पगाराचा प्रश्न त्याने काहीसा सुटला. गाऱ्हाणे कोणापुढे, कोणत्या मार्गाने मांडावे, हा प्रश्न मात्र १९६६ पासून तेथेच उभा आहे.