गाडी लो केली आणि एका बाजूला कलली? नवी स्प्रिंग घेण्याआधी हे तपासा

स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटीसारख्या हॅचबॅकला लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या, गाडी जॅकवरून उतरवली आणि मागून बघितलं तर डावी बाजू वर, उजवी खाली. अशा वेळी काही जण स्प्रिंगच्या दुकानदाराशी भांडायला जातात, तर काही जण वर राहिलेल्या बाजूची स्प्रिंग थोडी कापून घेतात. दोन्ही घाईचं. बऱ्याचदा स्प्रिंगमध्ये काहीच दोष नसतो. ती बसवताना किंवा बोल्ट आवळताना चूक झालेली असते आणि ती दुरुस्त करायला नवा पार्ट लागत नाही.

या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आणि मागे टॉर्शन बीम असतो. खालची माहिती याच रचनेला धरून आहे.

आधी माप नीट घ्या

– चारही टायरमध्ये सांगितल्याप्रमाणे हवा हवी. डिकी रिकामी, आत कोणी नाही, स्टेअरिंग सरळ.
– जॅकवरून उतरलेली गाडी लगेच मूळ जागी बसत नाही. थोडी पुढे-मागे चालवा, चारही कोपऱ्यांवर दाबून सोडा, मग मोजा.
– चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीजही मापात येते.
– गाडी उलट तोंड करून त्याच जागी पुन्हा मोजा. फरकाची बाजू बदलली तर दोष फरशीचा, गाडीचा नव्हे.

कंपनीतून आलेल्या गाडीतही काही मिलिमीटरचा फरक असतो. पाचेक मिलिमीटरसाठी गाडी उघडू नका. १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर शोध घ्या. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, त्यामुळे शेवटचं माप गाडी थोडी चालवून झाल्यावरच घ्या.

दोष पुढे की मागे?

इथेच अनेकांची फसगत होते. समजा पुढे डावीकडे ३४८ आणि उजवीकडे ३३६ मिलिमीटर, मागे डावीकडे ३५२ आणि उजवीकडे ३४१. पुढे १२चा फरक, मागे ११चा. म्हणून चारही स्प्रिंगा खराब, असं नाही. बॉडी ताठ असते. एका टोकाची एक बाजू वर उचलली गेली की दुसरं टोकही तेवढंच कलतं. पुढे डावी बाजू वर आणि मागे उजवी वर असं उलटसुलट माप आलं, तर आधी फरशी तपासा, किंवा डेंटिंग-पेंटिंग झालेलं मडगार्ड बघा.

दोषी टोक ओळखायची सोपी युक्ती आहे. मागची चाकं दगड किंवा ठोकळे लावून अडवा, गिअर न्यूट्रल ठेवा. पुढे मधोमध, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जॅक पॉइंटवर जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जेमतेम सुटतील एवढंच उचला. आता गाडीचा कल मागच्या स्प्रिंगाच ठरवतात. मागची मापं सारखी झाली तर दोष पुढे. फरक तसाच राहिला तर दोष मागे. एका जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही हात घालायचा नाही. ही चाचणी फक्त मापापुरती. पुस्तिकेत मधला जॅक पॉइंट नसेल तर ती करू नका.

मग या क्रमाने बघा

१. स्प्रिंगचं टोक. स्प्रिंगच्या तारेचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकून बसायला हवं. ते फिरून खाचेवर चढलं की ती बाजू वर राहते. वरचं-खालचं रबर पॅड एका बाजूला दुमडलं, तरी तोच परिणाम; पॅड राहून गेलं, तर उलट ती बाजू खाली जाते.

२. पार्ट नंबर. चारही स्प्रिंगांवरचे नंबर वाचा. पुढच्या-मागच्या वेगळ्या असतात. काही गाड्यांत डाव्या-उजव्याही वेगळ्या असतात.

३. बुश. सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या बुशमध्ये रबर धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी तिथेच पकडली जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर पिळलं जातं आणि जास्तीच्या स्प्रिंगसारखं बॉडीला वर ढकलत राहतं. एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, म्हणून गाडी कलते. शिवाय असं बुश लवकर फाटतं.

उपाय असा: गाडी चाकांवर उभी असताना, पिटवर किंवा चार खांबी लिफ्टवर, हे बोल्ट सैल करा. बॉडी दाबून हलवा, मग टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाप्रमाणे आवळा. दोन खांबी लिफ्टवर चाकं लोंबतात, तिथे हे जमत नाही.

४. स्टॅबिलायझर रॉड. दोन्ही लिंक रॉड सोडून बघा. गाडी सरळ झाली तर रॉड वाकला आहे किंवा दोन लिंकची लांबी वेगळी आहे. सोडलेल्या लिंकने गाडी रस्त्यावर नेऊ नका.

शॉकअप शेवटी बघा. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त उसळी आवरतो. म्हणून केवळ गाडी कलली म्हणून शॉकअपचा नवा जोड घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कॉइलओव्हर असतील तर

आधी दोन्ही बाजूंच्या रिंगा समान मापावर आणा. एक कोपरा वर घेतला की त्याच्यावर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं, बाकीच्या दोघांवर कमी होतं. म्हणून एका वेळी थोडंच फिरवा आणि दरवेळी चारही कोपरे मोजा. शेवटी लॉक रिंग आवळायला विसरू नका.

हे करू नका

स्प्रिंग कापू नका, गॅसने तापवून बसवू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि वाटीत नीट बसत नाही. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी जातं. चोर्ला घाटाच्या वळणावर किंवा मोठ्या खड्ड्यात अशी स्प्रिंग जागेवरून सुटली तर गाडी हातात राहत नाही. स्ट्रटवरची स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.

उंची जमल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतील. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. बेळगाव, कोल्हापूर की पणजी, कायदा तोच. कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२ए खाली मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून गाडी खाली घेण्याआधीच आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका. जपून ठेवा, गरज पडली तर त्याच परत बसवता येतील.