साडेबारा टक्क्यांची कुळकथा

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव आज खारघरच्या सेक्टरांमध्ये असे मिसळून गेले आहे की ओवे गाव, ओवे पेठ आणि ओवे कॅम्प ही नावे रिक्षाचालकांच्या आणि टपालाच्या उपयोगापुरतीच उरली आहेत, असे एखाद्या नवख्या रहिवाशाला वाटावे. जमिनीच्या कागदांवर मात्र ही गावे अजून जिवंत आहेत. त्याचे कारण ‘साडेबारा टक्के’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीची कुळकथा म्हणजे बऱ्याच अंशी नवी मुंबईचीच कुळकथा होय.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे वस्ती न्यावी, हा विचार जुना आहे. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 1959 मध्ये ठाणे खाडीवर पूल बांधण्याची शिफारस केली होती, आणि धनंजयराव गाडगीळ समितीने 1966 मध्ये उद्योगांच्या विकेंद्रीकरणाचा आग्रह धरला. दरम्यान चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या 1965 च्या अंकात पूर्वेकडच्या मुख्य भूमीवर नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. तिचे वेगळेपण नकाशापेक्षा हिशेबात अधिक होते. ओसाड किंवा शेतीच्या भावाने घेतलेल्या जमिनीला रस्ते, पाणी आणि रेल्वे मिळाली की तिची किंमत वाढते, आणि ही वाढ खासगी मालकाच्या खिशात जाऊ न देता तिच्यातूनच शहराचा खर्च भागवावा, असा तो हिशेब होता. ‘शहर व औद्योगिक विकास महामंडळ’, म्हणजे सिडको, 17 मार्च 1970 रोजी स्थापन झाले, तेव्हा शासनाने त्याला दिलेले भांडवल चार कोटी रुपयांच्या आतले होते. खरे भांडवल होते ते ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीचे.

या जमिनीचे संपादन 1894 च्या भूसंपादन कायद्यान्वये सुरू झाले. त्या कायद्याप्रमाणे मोबदला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरत असे, आणि 1970 मधला तो भाव भातशेतीचा, खाजणाचा आणि मिठागराचा होता. ज्या वाढीव किमतीवर शहर उभे राहणार होते, तिच्यात मूळ मालकाचा वाटा शून्य धरला गेला होता. योजनेच्या जाणकारांनी या अडचणीकडे आरंभी पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

आपला वाटा शून्य धरला गेल्याचे गावकऱ्यांनी स्वतःच ओळखले. जासईचे सुपुत्र आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. मागणी केवळ वाढीव भावाची नव्हती, तर विकसित जमिनीत वाटा मिळण्याचीही होती. शासनाने 1990 मध्ये आणि पुढे सुधारित स्वरूपात 1994 मध्ये ही मागणी योजनेच्या रूपाने मान्य केली. ज्याची जमीन घेतली, त्याला संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यावा, असे ठरले.

प्रत्यक्षात साडेबारा म्हणजे साडेबारा नव्हे. सामाजिक सोयींसाठी त्यातून तीस टक्के कापले जातात, त्यामुळे एक हेक्टर, म्हणजे 10,000 चौरस मीटर जमीन देणाऱ्याच्या नावे 1,250 चौरस मीटरचा हक्क असला तरी भूखंड निघतो 875 चौरस मीटरचा. तोही मालकीचा नसून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. त्याआधी सातबारा, भूसंपादनाचा निवाडा, वारसांचा दाखला आणि सिडकोचे इरादापत्र अशी कागदांची वाट चालावी लागते, आणि वारस वाढत जातात तसतसे 875 चौरस मीटरचे तुकडे होत जातात. मग बांधकाम व्यावसायिक पुढे येतो, सिडको, मूळ धारक आणि तो यांच्यात त्रिपक्षीय करार होतो, आणि भूखंडाच्या जागी इमारत उभी राहते. खारघरमधील अनेक इमारतींच्या पायाशी अशीच एखादी शेतकरी कुटुंबाची वाटणी असते.

खारघर हे सिडकोच्या नियोजनातील एक ‘नोड’ होय. नोड म्हणजे शाळा, बाजार आणि स्थानक यांच्या भोवती स्वयंपूर्ण होईल अशी वस्ती. वाशीला लोकल 1992 मध्ये पोचली आणि पनवेलला 1998 मध्ये. या रेल्वेमार्गांच्या खर्चात सिडकोचा वाटा 67 टक्के होता, म्हणजे जमीन विकून रूळ टाकले गेले आणि रूळ पडल्यावर उरलेली जमीन आणखी महाग झाली. ओवे 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आले, आणि बेलापूर ते पेंधर ही 11 किलोमीटरची मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 पासून याच परिसरातून धावू लागली.

इंडोनेशियातील जाकार्ताजवळच्या सेरपोंग येथे 1984 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे 6,000 हेक्टरवर आखलेल्या बुमी सेरपोंग दामाई या उपशहराशी नवी मुंबईची तुलना केली तर फरक उठून दिसतो. तिथे शासनाने खासगी कंपन्यांच्या समूहाला जमीन घेण्याची परवानगी दिली आणि वाढीव किमतीचा लाभ त्या कंपन्यांकडे गेला. नवी मुंबईत तो लाभ सरकारी महामंडळाकडे गेला, आणि पुढे त्यातला थोडा भाग भांडून गावांकडे वळवण्यात आला.

हा भाग पुढे वाढत गेला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांसाठी साडेबावीस टक्क्यांचा देकार पुढे आला, तर 2013 पासून सिडकोकडे सोपवलेल्या विमानतळ प्रभावित क्षेत्रात, म्हणजे ‘नैना’मध्ये, सक्तीच्या संपादनाऐवजी नगररचना योजना आखल्या जात आहेत, तिथे जमीन एकत्र करून मूळ मालकाला साधारण 40 टक्के आकाराचा अंतिम भूखंड परत दिला जातो आणि उरलेल्यातून रस्ते, मैदाने आणि विक्रीचे भूखंड निघतात. त्या 40 टक्क्यांवरही आज पनवेलच्या गावांतून हरकती नोंदवल्या जात आहेत.