एकोणिसाव्या शतकातील 'अप्पर साउथ'मधील कौटुंबिक पत्रव्यवहार आणि दैनंदिन जीवन : एक अभ्यास

प्रस्तावना :
आपल्याकडे अमेरिकेचा इतिहास शिकविताना यादवी युद्धाची (१८६१-६५) कारणे, लढाया व परिणाम यांना मोठे स्थान दिले जाते. ज्या समाजात हे युद्ध पेटले त्यातील घरे कशी चालत होती, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी, टेनेसी, उत्तर कॅरोलिना या राज्यांचा, म्हणजेच दक्षिणेच्या उत्तरेकडील पट्ट्याचा, निर्देश 'अप्पर साउथ' असा केला जातो. येथील कौटुंबिक पत्रे दैनंदिन जीवनाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन होत. या पत्रांत 'कुटुंब' हा शब्द वारंवार येतो. त्यात कोणाचा समावेश होतो आणि कोणाला वगळले जाते, हे तपासल्याखेरीज त्यांचे खरे वाचन होत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टपालव्यवस्था व पत्रलेखन :
१८४५ पूर्वी टपालहशील अंतरावर व कागदाच्या तावांवर अवलंबून असे. एका तावास ३० मैलांपर्यंत सुमारे ६ सेंट, तर ४०० मैलांपलीकडे २५ सेंट पडत आणि ही रक्कम बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावी लागे. त्यामुळे पान भरल्यावर कागद फिरवून आधीच्या ओळींवरच काटकोनात लिहिण्याची पद्धत रूढ होती. १८४५ साली अर्ध्या औंसाच्या पत्रास ३०० मैलांपर्यंत ५ सेंट हा दर ठरला, १८४७ मध्ये पहिली राष्ट्रीय तिकिटे निघाली आणि १८५१ मध्ये आगाऊ हशील भरल्यास ३ सेंटांत पत्र ३,००० मैलांपर्यंत जाऊ लागले. पश्चिमेकडे स्थलांतर केलेल्या मुलांशी व लग्न होऊन दूर गेलेल्या मुलींशी संबंध टिकविणे त्यामुळे सुकर झाले.

मळेवाल्यांच्या घरातील पत्रे :
गोऱ्या मळेवाल्यांच्या पत्रांत तंबाखू व गव्हाचे पीक, हिवाळ्यात डुकरे मारून मांस खारविण्याचे काम, हिवताप, बाळंतपणे, मुलांची शाळा असे विषय येतात. अनेक मालक 'माझे गोरे व काळे कुटुंब' असा शब्दप्रयोग करीत. गुलाम आजारी पडल्याची बातमीही मुलाच्या आजाराच्याच ओघात लिहिली जाई. हा जिव्हाळा सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. परंतु याच काळात, १७९० ते १८६० दरम्यान, सुमारे दहा लक्ष गुलामांना अप्पर साउथमधून खालच्या दक्षिणेत नेण्यात आले. कर्ज फेडायचे असो वा वारसांत वाटणी करायची असो, या 'कुटुंबा'तील माणसे विकली जात.

गुलाम कुटुंबांची पत्रे :
गुलामांच्या लेखनावर कायद्याचे बंधन होते. उत्तर कॅरोलिनाने १८३० साली आकडेमोड वगळता गुलामांना लिहावाचायला शिकविणे गुन्हा ठरविले. व्हर्जिनियाने १८३१ मध्ये त्यासाठी भरणाऱ्या सभा बेकायदेशीर ठरविल्या. तरीही काही पत्रे टिकून राहिली. डेव्हिड कॅम्पबेल १८३७ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर होऊन रिचमंडला गेले, तेव्हा अॅबिंग्डन येथील त्यांच्या घरी राहिलेल्या हॅना व्हॅलेंटाइन या गुलाम स्त्रीची पत्रे उपलब्ध आहेत. तिच्या घरातील माणसे मालकासोबत रिचमंडला गेली होती. मालकाचे घर सांभाळणे आणि आपल्या माणसांची खुशाली विचारणे, ही दोन्ही कामे तिला पत्रांतूनच करावी लागली.

याहून हृदयद्रावक पत्र मारिया पर्किन्स हिचे आहे. ८ ऑक्टोबर १८५२ रोजी शार्लट्सव्हिल येथून तिने पती रिचर्ड यास कळविले की, मालकाने मुलगा अल्बर्ट याला व्यापाऱ्यास विकले आहे. आपण व्यापाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून पतीने आपल्या मालकाला ती विकत घेण्याविषयी विचारावे, अशी तिची विनंती आहे. त्याबरोबरच आपले सामान निरनिराळ्या ठिकाणी असून आपण विकले गेल्यास त्याचे काय होईल, याचीही तिला चिंता आहे. मळेवाल्याच्या पत्नीने केलेली सामानाची नोंद गृहव्यवस्थेचा भाग असते. मारियाच्या पत्रात तीच नोंद मोडत्या संसाराची साक्ष ठरते.

व्हर्जिनियातील जॉन हार्टवेल कॉक यांनी मुक्त केलेला पेटन स्किपविथ १८३३ मध्ये कुटुंबासह लायबेरियाला गेला. तेथून त्याने लिहिलेली पत्रे या प्रकारच्या साधनांत मोलाची आहेत. स्किपविथ कुटुंबाचा हा पत्रव्यवहार रँडल मिलर यांनी १९७८ साली संपादित केला.

युद्ध व त्यानंतर :
१८६१ मध्ये फुटीर राज्यांशी टपालसंबंध तुटला. पुढे दक्षिणेत कागदाची टंचाई झाली आणि वापरलेली पाकिटे उलटून पुन्हा वापरली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर ताटातूट झालेल्या कृष्णवर्णीयांनी वृत्तपत्रांत आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती दिल्या; नॅशव्हिलच्या 'कलर्ड टेनेसियन'मध्ये १८६५ पासून त्या आढळतात. ज्यांना पत्ताच ठाऊक नव्हता, अशांची ही पत्रेच होत.

निष्कर्ष :
१) स्वस्त टपालामुळे विखुरलेली गोरी कुटुंबे जोडलेली राहिली, गुलामांना मात्र लेखनबंदीमुळे तिचा लाभ क्वचितच मिळाला.
२) मालकांच्या पत्रांतील 'कुटुंब' हा शब्द आपुलकी व मालकी या दोहोंचा वाचक आहे.
३) जतन झालेल्या पत्रांची संख्या ही साक्षरता व सत्ता यांची निदर्शक असते, भावनांच्या खोलीची नव्हे. म्हणून मळेवाल्यांच्या शेकडो पत्रांच्या शेजारी मारिया पर्किन्सचे एक पत्र ठेवून वाचल्यासच या समाजाच्या दैनंदिन जीवनाचे यथार्थ आकलन होऊ शकते.