पाहुणा कोण आणि मजूर कोण? पर्यटक व्हिसाचा विसरलेला इतिहास

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा नव्हता. त्या काळी भारतीयाला तो लागतच नव्हता. बंदरावर अधिकारी प्रश्न विचारत, डॉक्टर तपासत आणि माणसाला आत घेत किंवा परत पाठवत. चार वर्षांनी तेच बाबासाहेब कोलंबियाचं शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी ज्या आठवणींत लिहिला, त्यांचं शीर्षक 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशात विनाव्हिसा गेलेला माणूस स्वतःच्या देशात व्हिसाची वाट पाहत होता, असा त्या शीर्षकाचा अर्थ आम्ही लावतो.

आमचे काही तरुण मित्र म्हणतात, व्हिसा हा साधा सरकारी कागद आहे, त्यात जात-वर्ग कशाला शोधता? शोधावा लागत नाही मित्रांनो, तो कायद्यातच लिहिलेला आहे.

अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घातली. खाणीत राबणारा, रेल्वेचे रूळ टाकणारा चिनी माणूस नको होता. पण त्याआधी १८८० मध्ये झालेल्या करारात व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि 'कुतूहलापोटी' येणारे यांना मोकळीक होती. कुतूहलापोटी येणारा म्हणजेच आजचा पर्यटक. आपण मजूर नाही, हे सिद्ध करणारा दाखला त्याला सोबत न्यावा लागे आणि १८८४ च्या दुरुस्तीनंतर त्यावर अमेरिकी वकिलातीचा शिक्काही लागू लागला. पाहुण्याची ओळख अशी ठरली: जो हाताने काम करत नाही तो पाहुणा. श्रमाला हीन मानणारी ही नजर आपल्याला नवी आहे का?

भारतीयांवर हीच पाळी फेब्रुवारी १९१७ मध्ये आली. बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा बंद केला, भारत त्यात होता. सूट कोणाला? सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, व्यापारी आणि कुतूहल किंवा मौजेसाठी फिरणारे. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी माणसाच्या भावाला दार बंद झालं. व्हिसाची सक्तीही महायुद्धाच्या याच वर्षांत आली. युद्ध संपलं, सक्ती राहिली.

इथे भगतसिंग थिंड यांचा खटला आठवतो. विषय नागरिकत्वाचा होता. थिंड अमेरिकी सैन्यात होते, त्यांच्यावर अन्याय झाला, हे आम्ही मान्य करतो. पण त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणून गोरा. आणि अमेरिकी माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोकडे जसा पाहतो, तसाच तो इथल्या आदिवासींकडे पाहतो! वर्णद्वेषाच्या दरबारात आपल्या लोकांनी जातीचा दाखला पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांचं स्थायिक म्हणून येणं बंद केलं. तात्पुरता पाहुणा, विद्यार्थी, व्यापारी अशा मोजक्या वाटा उरल्या.

आज आपण 'बी-१, बी-२' म्हणतो ती अक्षरं १९५२ च्या कायद्यातल्या पोटकलमांची आहेत. ब कलमात कामकाजासाठी किंवा मौजेसाठी येणारा, एफ मध्ये विद्यार्थी. त्याच कायद्याचं २१४(ब) कलम सांगतं की अर्जदार उलट सिद्ध करेपर्यंत त्याला स्थायिक व्हायला आलेलाच समजावं. सिद्ध कशाने करायचं? घर, जमीन, पगार, बँकेतली शिल्लक. ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या नातवाने सातबारा आणायचा कुठून? आमच्या ओळखीच्या एका संशोधक कार्यकर्त्याला परिषदेचं निमंत्रण हातात असताना दोन मिनिटांत नकार मिळाला.

आणि दोष एकट्या परदेशाचा नाही. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं पासपोर्ट देणं-न देणं ही आपल्याच सरकारची मर्जी होती. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो असं ठरवलं, तेव्हा कुठे पासपोर्टचा कायदा झाला. संविधानाने काय दिलं, असं विचारणाऱ्याला हे एक उदाहरण सांगा.

म्हणून परिषदेला किंवा जयंतीच्या व्याख्यानाला निघालेल्यांनी आधी प्रकार नीट पाहावा. अमेरिकेत परिषद असेल तर बी-१, नातलगांकडे किंवा फिरायला बी-२. पदवीचं शिक्षण यांवर चालत नाही. ब्रिटनचा साधा पाहुणा-व्हिसा सहसा सहा महिन्यांपर्यंतचा, तर युरोपातला शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. जमीन नसेल तर नोकरीचं पत्र, मंजूर रजा, विद्यापीठातली नोंदणी, खर्च उचलणाऱ्या संस्थेचं पत्र, हे सगळं जवळ ठेवा. आणि मुलाखतीला जाण्याआधी ते २१४(ब) कलम एकदा स्वतः वाचा.