एकेकाचा वाटा

तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन बॅटऱ्या होत्या, एक 12 व्होल्टची आणि दुसरी 6 व्होल्टची. प्रत्येकीला 2 ओहमचा एकेक रोध जोडलेला होता आणि दोघी मिळून 2 ओहमच्याच तिसऱ्या रोधाला वीज पुरवत होत्या. या तिसऱ्या रोधातली धारा शोधायची होती. एका वेळी एकाच बॅटरीचा वाटा मोजायचा आणि शेवटी बेरीज करायची. सुपरपोझिशनचा, म्हणजे अध्यारोपणाचा, सिद्धांत तो हाच.

मी 6 व्होल्टची बॅटरी सोडवून बाजूला ठेवली. मीटरने 3 अँपिअर दाखवले. मग ती परत जोडून 12 व्होल्टची काढली, तेव्हा दीड. बेरीज साडेचार. पण दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, तर काटा 3 वरच! मीटर बिघडलाय, असे मी सरांना सांगितले. सर म्हणाले, ''अरे, बॅटरी काढलीस ती काढलीस, रस्ता का तोडलास? तिच्या जागी तार जोड.'' तार जोडली. पहिल्या वेळी 2, दुसऱ्या वेळी 1. बेरीज बरोबर 3.

पुढे मी स्वतः हा विषय शिकवू लागलो, तेव्हा या सिद्धांताचे मूळ शोधले आणि चकित झालो. कारण मला तिथे इंजिनिअर नव्हे, एक डॉक्टर भेटला.

प्रशियातले कोनिग्सबर्ग, म्हणजे आजच्या रशियातले कॅलिनिनग्राड. 1845 मध्ये तिथल्याच विद्यापीठातल्या किरखॉफ या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने विद्युत परिपथाचे आपले दोन नियम मांडले होते. 1849 मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. पूर्वी ते सैन्यात शल्यवैद्य होते. त्यांचे बर्लिनचे मित्र द्यु ब्वा-रेमाँ स्नायूंमधली वीज मोजत होते. अडचण अशी, की स्नायूत वीज एका जागी नव्हे, असंख्य जागी निर्माण होते. बाहेर लावलेल्या उपकरणाला मात्र साऱ्यांची मिळून एकच बेरीज कळते. मग एकेकाचा वाटा मांडायचा कसा?

1853 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी उत्तर दिले. प्रत्येक उगम एकटाच आहे असे समजून त्याचा परिणाम काढा आणि चिन्हांसकट सगळ्यांची बेरीज करा. याच निबंधात त्यांनी आणखी एक सिद्धांत मांडला. 1883 मध्ये फ्रान्सचे तारायंत्र अभियंते तेवनँ यांनी तोच स्वतंत्रपणे शोधला आणि आज तो त्यांच्याच नावाने शिकवला जातो.

या हिशेबाला मर्यादा आहेत. रोध कायम राहिला, धारेबरोबर बदलला नाही, तरच तो जुळतो. शिवाय धारांची बेरीज होते, शक्तीची नाही. माझ्या त्या रोधात 2 अँपिअरने 8 वॅट खर्च होतात, 1 अँपिअरने 2 वॅट. पण एकत्र 3 अँपिअरने 10 नव्हे, 18.

तिसरी मर्यादा हेल्महोल्ट्झ यांनीच दाखवली. उगम ठाऊक असतील तर बाहेरची बेरीज निश्चित सांगता येते. उलट मात्र जमत नाही. बाहेरची बेरीज तीच ठेवून आतली मांडणी अनेक प्रकारची असू शकते.

काही वर्षांपूर्वी माझ्या छातीला ईसीजीच्या तारा लावल्या होत्या. हृदयातल्या असंख्य पेशींची बेरीज कागदावर रेघ होऊन उमटत होती. डॉक्टरांनी ती पाहिली, मग स्टेथोस्कोप लावला, नाडी धरली, कालपासूनचे सगळे विचारून घेतले. एका रेघेवर ते थांबले नाहीत, याचे मला फार बरे वाटले. बेरजेवरून एकेकाचा वाटा काढायचा तर रस्त्याची माहिती वेगळी मिळवावी लागते, हे मी साडेचार अँपिअरच्या दिवशीच शिकलो होतो.