दुर्गा खोटे : सॉलिसिटरची मुलगी पडद्यावर आली तेव्हा

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडं नेसून ती भूमिका केली. पुढे १९३२ मध्ये 'प्रभात'ने हीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात आणली. यावेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे.

फरक फक्त १९ वर्षांचा. पण तो साधा नव्हता.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेर लाड, वडील मुंबईत सॉलिसिटर, शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजात. अशा घरच्या मुलीने सिनेमात जायचं म्हणजे तेव्हा घराण्याला बट्टा. पण सासरी आर्थिक अडचण आली, पदरी दोन मुलगे होते. आधी १९३१ च्या 'फरेबी जाल'मध्ये एक छोटं काम केलं आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. तिथेच सगळं थांबलं असतं, पण व्ही. शांताराम यांच्या 'अयोध्येचा राजा'ने चित्र पालटलं. त्यानंतर चांगल्या घरच्या मुलींना 'सिनेमात जाऊ नकोस' म्हणणं जरा अवघड झालं.

१९३६ च्या 'अमर ज्योति'मध्ये तर त्या समुद्री चाच्यांची राणी सौदामिनी झाल्या. सोशिक नायिकांच्या त्या काळात ही सूड घेणारी बाई आजही बघण्यासारखी आहे. त्या काळी कलाकार एकाच कंपनीला बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशी ठिकठिकाणी कामं केली. 'सवंगडी'ची निर्मिती त्यांनी स्वतः केली.

रंगभूमीही सुटली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उभ्या राहिल्या. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे 'मॅकबेथ'चं रूपांतर. त्यातली त्यांची भूमिका नाट्यरसिकांच्या बोलण्यात राहिली. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

नव्या पिढीला त्या आठवतात त्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई किंवा 'बॉबी'ची आजी म्हणून. 'बिदाई'साठी फिल्मफेअर आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. म्हणजे ज्यांना तारामतीसाठी बाई सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा!

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत आहे. शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. आणि दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' आठवते ना? ती मालिका दुर्गाबाईंच्याच निर्मितीसंस्थेची.